हेबर यांच्या प्रवासवर्णनाचा अपूर्ण संच: तक्रार पत्र

दांडिया बाजार, वडोदरा

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बिशप हेबर यांच्या प्रवासवर्णनाचा नोंदीशी न जुळणारा व अपूर्ण संच मिळाल्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरील नोंदीवर विसंबून मी कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हिंदुस्थानातील प्रवासवर्णनाचा संच रु. ३८,००० आगाऊ भरून मागवला होता. नोंदीत ‘लंडन, जॉन मरे, १८२८, पहिली आवृत्ती, क्वार्टो, दोन खंड, संपूर्ण’ असे स्पष्ट म्हटले होते. प्रत्यक्षात हाती पडले ते त्याच वर्षी निघालेल्या, क्वार्टोहून लहान आकाराच्या ऑक्टेव्हो आवृत्तीचे पहिले दोन खंड. ही आवृत्ती तीन खंडांची असून तिसरा खंड पार्सलात नाही.

‘साल १८२८ आहे आणि खंडही दोनच आहेत, तेव्हा वर्णनात चूक नाही’, असे आपल्या प्रतिनिधीचे लेखी उत्तर आले. नामपृष्ठ उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली असती, तर ‘दुसरी आवृत्ती’ आणि ‘तीन खंडांत’ हे शब्द तिथेच दिसले असते. नामपृष्ठही राहू द्या. क्वार्टोत छापील कागदाच्या दोन घड्या पडून चार पाने होतात आणि ऑक्टेव्होत तीन घड्या पडून आठ, त्यामुळे दोन्हींच्या आकारातला फरक जुनी पुस्तके विकणाऱ्याला लांबूनही कळायला हवा.

गहाळ झालेला खंड नेमका तिसराच असल्याने माझे नुकसान अधिक आहे. हेबर ३ एप्रिल १८२६ रोजी तिरुचिरापल्ली येथे वारले. त्यांच्या पत्नी अमेलिया यांनी हा ग्रंथ मागाहून छापून आणला आणि दक्षिणेतील अखेरच्या प्रवासाची हकिगत व हिंदुस्थानातून लिहिलेली पत्रे शेवटी जोडली. मी ख्रिस्ती धर्मोपदेशकांची जुनी चरित्रे आणि पत्रव्यवहार जमवतो. सॅम्युअल विल्बरफोर्स यांनी १८३७ साली संपादित केलेली हेन्री मार्टिन यांची रोजनिशी व पत्रे आणि जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेले मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांचे १८७८ सालचे चरित्र माझ्या संग्रहात आहे. भक्तिभावाने लिहिणारा चरित्रकार चिडचिड, आजारपण, पैशाची ओढाताण हलक्या हाताने गाळून टाकतो, आणि पत्रांत मात्र ती टिकून राहते, असा माझा अनुभव आहे (अर्थात पत्रांचा संपादकही कात्री चालवतोच). हेबर मार्च १८२५ मध्ये बडोद्यास येऊन दुसऱ्या सयाजीराव गायकवाडांना भेटले होते. त्या काळात ते घरच्यांना आणि मित्रांना काय लिहीत होते, हे बडोदेकर म्हणून मला वाचायचे होते, आणि नेमकी तीच पाने आली नाहीत.

‘जुनी पुस्तके आहे त्या स्थितीत विकली जातात, परतावा नाही’ ही आपली सबब इथे लागू होत नाही. डाग, कसर किंवा सैल झालेली बांधणी यांबद्दल माझी तक्रारच नाही. जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. पुढील खरेदीवर दहा टक्के सवलतीचे जे कूपन आपण देऊ केले, ते मी नाकारत आहे.

नोंदीप्रमाणे क्वार्टो संच पाठवावा, अन्यथा पूर्ण रक्कम परत करून हे खंड आपल्या खर्चाने घेऊन जावेत. तिसरा खंड आपल्या गोदामात वेगळा पडला आहे काय, हे मात्र जरूर पाहावे. तो याच संचातला, याच बांधणीचा निघाला, तर किमतीतील योग्य फरक परत घेऊन तिन्ही खंड ठेवण्यास मी तयार आहे. दुसऱ्या संचातला सुटा खंड जोडून पाठवू नये. संकेतस्थळावरील नोंद अजूनही तशीच दिसते, ती तातडीने दुरुस्त करावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी वडोदरा येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पावती, नोंदीची प्रतिमा, दोन्ही नामपृष्ठांची छायाचित्रे आणि आपल्या प्रतिनिधीचे उत्तर सोबत जोडले आहे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक