गोव्यातील गावांच्या नावांचा उच्चारकोश हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलवर वाट सांगणारा आणि दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारा संगणकीय आवाज केपे, पेडणे, साखळी ही नावे पुष्कळदा अशी उच्चारतो की तिथल्या रहिवाशालाही आपले गाव ओळखू येऊ नये. याचे कारण जुन्या वाचासंश्लेषकांच्या, म्हणजे कृत्रिम आवाज तयार करणाऱ्या यंत्रणांच्या, रचनेवरून नीट कळते.

१९८०च्या सुमारास आलेल्या व्होट्रॅक्स एससी-०१ या चिपला मजकूर वाचता येत नसे. तिला ध्वनींचे संकेत क्रमाने पुरवावे लागत. प्रत्येक संकेत सहा बिटांचा, म्हणजे विराम धरून एकूण ६४ संकेत, आणि आवाजाच्या चढउतारासाठी आणखी दोन बिट. लेखनावरून ध्वनी ठरवण्याचे काम स्वतंत्र नियमांकडे असे. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १९७६ साली इंग्रजीसाठी असे ३२९ नियम प्रसिद्ध केले होते.

इंग्रजीचे नियम पोर्तुगीज वळणाच्या रोमन लेखनाला लावले की आपली नावे बिघडतात. वरील तिन्ही नावांच्या रोमन लेखनात (Quepem, Pernem, Sanquelim) शेवटी येणारा ‘एम’ पोर्तुगीजमध्ये आधीचा स्वर अनुनासिक असल्याचे दाखवतो. इंग्रजी नियमाने तिथे ठळक ‘म’ ऐकू येतो. देवनागरी लेखन पुरवूनही अडचण पुरती संपत नाही, कारण म्हापसामधला ‘प’ आणि काणकोणमधला पहिला ‘ण’ आपण अकाराविना उच्चारतो, हे लेखनात दिसत नाही. व्होट्रॅक्सच्या ध्वनिसंचात तर ‘ळ’ नव्हताच. तो संच अमेरिकन इंग्रजीसाठी बेतलेला होता.

तेव्हा विशेषनामांपुरती ध्वनींची यादी, म्हणजेच उच्चारकोश, थेट पुरवणे हाच खात्रीचा मार्ग आहे. दृष्टिहीन ज्याचा वापर करतात त्या एनव्हीडीए या पडदावाचक संगणकप्रणालीसोबत येणारा ईस्पीक एनजी हा मुक्त संश्लेषक मराठी आणि कोकणी दोन्ही बोलतो व अशा याद्या स्वीकारतो. उच्चारकोश कसा लिहावा याचे प्रमाण वेबसाठी मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने २००८ सालीच ठरवून दिले आहे.

गोवा विद्यापीठातील मराठी व कोकणीच्या अभ्यासकांनी सर्व तालुक्यांतील गावे, वाडे आणि बसथांबे यांचा असा कोश तयार करून तो कोणालाही विनामूल्य वापरता येईल असा खुला ठेवावा, आणि राज्य सरकारने त्यासाठी निधी द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. उच्चार मात्र त्या गावच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करूनच नोंदवावेत, आणि मराठी व कोकणी रूपे भिन्न असतील तिथे दोन्ही द्यावीत. कदंब या राज्य परिवहन बससेवेच्या थांब्यांपासून सुरुवात केल्यास एकट्याने प्रवास करणाऱ्या दृष्टिहीनांना त्याचा उपयोग सर्वांत आधी होईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, फोंडा