गोळी बंद पडली त्यांचं काय?

मा. संपादक साहेब,
नमस्कार. १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन झाला, त्या निमित्तानं पेपरात बरंच काही आलं, सगळं वाचलं. पण कोरोनात लोकांच्या मनावर काय परिणाम झाला म्हटलं की सगळ्यांना घरात बसून कंटाळलेली माणसंच आठवतात, मग छंद जोपासा, योगा करा, पॉझिटिव्ह राहा. ज्यांचं आधीपासनंच औषध चालू होतं त्यांचं काय झालं हे कोण विचारत नाही म्हणून लिहितोय.

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी एकदम उसळतं, कधी पार खचतं, त्यावर लिथियमची गोळी चालू आहे. शिरोली एमआयडीसीत कामाला जातो, गोळी वेळेवर असली की बघणाऱ्याला कळणार पण नाही. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि आम्ही दर महिन्याला जिथं जायचो तिथली मनोविकार ओपीडीच बंद, डॉक्टर कोविड ड्युटीवर. आता माणसं मरत होती, ते आपण समजू शकतो. पण दारावर कागद होता तो फक्त 'पुढील आदेशापर्यंत बंद', पेशंटनी कुठं जायचं, कुणाला फोन करायचा, एक ओळ नाही.

जुनी चिठ्ठी घेऊन तीन मेडिकल पालथी घातली, एक म्हणतो नव्या चिठ्ठीशिवाय देत नाही, दुसरा म्हणतो मालच आला नाही. आणि गंमत बघा, २५ मार्च २०२० ला म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम काढलेले, डॉक्टर व्हिडिओ कॉलवर बघून चिठ्ठी मोबाईलवर पाठवू शकतात असं त्यात आहे. आम्हाला हे कळलं जूनमध्ये, ते पण पुण्याच्या आतेभावाकडनं!

तोवर गोळ्या संपून बरेच दिवस झालेले. आधी झोप गेली, रात्री दोनला उठून गाडी धुवायचा. मग बडबड वाढली, आणि एक दिवस म्हणाला कोरोनावरचं औषध मला सापडलंय, कलेक्टर साहेबांना सांगून येतो. संचारबंदी, तोंडाला मास्क नाही, शर्टाची बटणं उघडी, असाच निघाला. चौकात अडवला, तालमीतली दोन ओळखीची पोरं तिथं होती म्हणून काठी न खाता घरी आला.

भरती करायचं म्हटलं तर सरकारी मनोरुग्णालयं आख्ख्या राज्यात चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आपल्याला जवळ रत्नागिरी, म्हणजे आंबा घाट उतरायचा, जिल्हा बदलला की ई-पास, आणि त्याआधी कोविड टेस्ट. तशा अवस्थेतला माणूस नाकात काडी घालू देईल का? शेवटी गोळ्या मिळाल्या, तर लिथियमची रक्तातली लेव्हल बघावी लागते, जास्त झाली की विषारी, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी चढते, आणि लॅबवाले कोविडच्या सॅम्पलमध्ये बुडालेले.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना ओसीडी आहे, म्हणजे एकच गोष्ट परत परत केल्याशिवाय राहवत नाही असा आजार, त्यांचा सारखे हात धुवायचा. उपचार घेऊन घेऊन ते बरंच कमी केलेलं बिचारीनं. आणि मग टीव्ही लावा, फोन लावा, एकच, हात धुवा हात धुवा. शेजारणी कौतुकानं म्हणायच्या, काकू आधीपासनंच शहाण्या बघा. काकूंच्या बोटांची सालं निघालेली.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं नाही. डब्ल्यूएचओनं २०२० मध्ये १३० देशांचा सर्व्हे केला, ९३ टक्के देशांत मानसिक आजाराच्या सेवा कुठं ना कुठं बंद किंवा विस्कळीत होत्या. आणि पहिल्याच वर्षात जगभर अँक्झायटी, डिप्रेशन २५ टक्क्यांनी वाढलं हे पण त्यांचंच. म्हणजे पेशंट वाढले आणि दारं बंद. ऑक्टोबर २०२२ ला टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन सुरू झाली, १४४१६ नंबर, चांगली सोय आहे, बोलून बरं वाटतं. पण लिथियमची पट्टी फोनमधनं येत नाही हो.

मागणी काय फार मोठी नाही. पुढची साथ येईल तेव्हा येईल, पण २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण बघितलाय, रस्ते तेव्हा पण बंदच होते. अशा वेळी डायलिसिस चालू ठेवतात तशी मनोविकार ओपीडी चालू ठेवा, एका खोलीत का होईना. जुन्या पेशंटला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, ज्याच्या हातात एवढ्या गोळ्या देणं धोक्याचं आहे त्याच्या घरच्यांकडं द्या. आशाताई ताप आणि ऑक्सिजन बघत दारोदार फिरल्याच की, त्यांच्याकडं या पेशंटची यादी असती तर निम्मं काम झालं असतं, फक्त त्याचे पैसे त्यांना वेगळे द्या, फुकट राबवू नका.

पत्र छापलं तर नाव तेवढं छापू नका साहेब. बहिणीचं लग्नाचं बघायला लागलोय.

आपला एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर