तेरापैकी तेरा आत गेले होते, त्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, हॉलंड आणि मँचेस्टर युनायटेडचा माजी फुटबॉल गोलरक्षक व्हॅन डर सार याच्यावरचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोके शांत नाही. २००८ मध्ये मॉस्कोत चॅम्पियन्स लीगच्या अंतिम लढतीत चेल्सीच्या जॉन टेरीचा पाय घसरला म्हणून हा गोलरक्षक मोठा ठरला आणि टायब्रेकरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी फटक्यांत, त्याचे नशीब 'नेहमीच' जोरावर असे, असा लेखाचा एकंदर सूर आहे. हा 'नेहमीच' लेखकाने कशाच्या आधारावर लिहिला, ते कृपया कळवावे.

मे १९९६, रोम. युरोपीय क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, त्याच्या आयाक्ससमोर युव्हेंटस. युव्हेंटसचे चार फटके, चारही आत. बरोबर एका महिन्याने लिव्हरपूलला युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत, हॉलंडकडून खेळताना, फ्रान्सचे पाच, पाचही आत. १९९८ च्या विश्वचषकात मार्सेलला उपांत्य फेरीत ब्राझीलचे चार, तेही सगळे आत. तीन टायब्रेकरमध्ये तेरा फटके आणि एकही अडवता आला नाही! पुढे २९ जून २००० ला ॲम्स्टरडॅममध्ये इटलीविरुद्ध त्याने माल्दिनीचा फटका अडवला, पण तोवर हॉलंडचे फ्रँक डी बोअर आणि याप स्टाम चुकून बसले होते. सलग चौथा टायब्रेकर गेला. याला जोरावर असलेले नशीब म्हणायचे का?

हे असे का होत होते, ते त्याच्या उंचीकडे पाहिले की उमगते. १.९७ मीटरचा माणूस. गोल ७.३२ मीटर रुंद, चेंडू ठेवतात ११ मीटरवर आणि जोरात मारलेला फटका अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. कंबर ते खांद्याच्या उंचीने आलेला चेंडू लांब हातांना मिळतो. जमिनीलगत कोपऱ्यात गेलेला मिळत नाही, कारण एवढे लांब अंग खाली आणायलाच वेळ लागतो. म्हणून आधीच झेप घ्यावी, तर मारणारा ते पाहून दुसऱ्या बाजूला मारतो. तेव्हा अशा गोलरक्षकाकडे उपाय राहतो तो एकच. शक्य तितका वेळ उभे राहायचे आणि मारणाऱ्याला त्याचा ठरलेला कोपरा बदलायला लावायचे.

आणि त्याचे फळ दिसलेही. २००४ च्या युरोत फारोला स्वीडनच्या मेलबर्गचा फटका त्याने अडवला, मग रॉबेनने गोल केला आणि हॉलंडने मोठ्या स्पर्धेतला पहिला टायब्रेकर जिंकला. ऑगस्ट २००७ मध्ये वेम्बलीवर कम्युनिटी शील्डच्या सामन्यात, युनायटेडकडून खेळताना, चेल्सीचे तीन फटके आले, पिझारो, लँपार्ड आणि राइट-फिलिप्स यांचे. तिन्ही अडवले. लेखात यातले काहीही नाही.

आता मॉस्को. २१ मे २००८, लुझनिकी मैदान, युनायटेडसमोर चेल्सी, पाऊस, ओला चेंडू, जादा वेळेनंतरही १-१. टेरीने मारलेला चेल्सीचा पाचवा फटका आत गेला असता तर चेल्सी तिथेच जिंकली असती आणि त्या फटक्याला व्हॅन डर सार चुकीच्या बाजूला गेला होता, हे मला मान्य आहे. पण टेरीचा फटका खांबाला लागल्यावर सामना संपला नव्हता. त्यानंतर आणखी चार फटके मारले गेले. लेखकाने ते पाहिलेले दिसत नाहीत.

चेल्सी अभ्यास करून आली होती. उजव्या पायाने मारणाऱ्यासमोर व्हॅन डर सार बहुतेकदा आपल्या उजवीकडे झेपावतो, म्हणून त्याच्या डावीकडे मारा, असा तो हिशेब. बलाक, बेलेटी, लँपार्ड, कोल, टेरी, कालू या सहाही जणांनी त्याच्या डावीकडेच मारले. कोल डाव्या पायाचा, त्याने खरे तर उलट बाजूला मारायला हवे होते. त्याच्या फटक्याला व्हॅन डर सार बरोबर डावीकडे गेला, हातही लागला, केवळ चेंडू ओला असल्याने तो निसटून आत गेला. मग सातवा, आनेल्काचा. आनेल्का चेंडू ठेवून उभा असताना व्हॅन डर सारने डाव्या हाताने आपल्याच डाव्या बाजूला बोट दाखवले. तुम्ही सगळे इकडेच मारताय, मला कळलंय, असे त्याला बजावले. आता डावीकडे मारावे तर गोलरक्षक वाट बघतोय. आनेल्काने बाजू बदलली. चेंडू उजवीकडे आला आणि तोही मध्यम उंचीवर, १.९७ मीटरच्या माणसाला हवा तिथे. त्याने तो अडवला आणि युनायटेड जिंकली. रोमपासून बारा वर्षे गेली होती, वय सदतीस. या बचावाला आपल्या लेखात अर्धे वाक्य मिळाले आहे आणि टेरीच्या घसरण्याला अख्खा परिच्छेद. मला याचे खरोखर वाईट वाटले.

लेखासोबतच्या चौकटीतली चूक तर फारच ढोबळ आहे. २००८-०९ मध्ये त्याने 'सर्व स्पर्धांत' सलग १३११ मिनिटे गोल होऊ दिला नाही, असे छापले आहे. ती मिनिटे केवळ प्रीमियर लीगची. त्याच काळात, डिसेंबरमध्ये योकोहामाला क्लब विश्वचषकात गांबा ओसाकाने युनायटेडवर तीन गोल केले, तेव्हा गोलात हाच होता. शिवाय 'युनायटेडचा विक्रम न्यूकॅसलने मोडला' हेही चूक. संघाची मालिका फेब्रुवारीत ब्लॅकबर्नच्या सांता क्रुझने आधीच तोडली होती, त्या दिवशी गोलात कुश्चाक होता. व्हॅन डर सारची स्वतःची मालिका ४ मार्चला न्यूकॅसलला तुटली. गुतिएरेझचा फटका त्याच्या हातून सुटला आणि लोव्हेनक्रान्ड्सने तो आत ढकलला.

जाता जाता, एकाच लेखात एकाच माणसाचे आडनाव 'व्हॅन डर सार', 'वान डेर सर' आणि 'व्हॅन डी सार' असे तीन प्रकारे आले आहे. डच लोक 'फान' म्हणतात, तेवढा आग्रह मी धरत नाही. पण १३० आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या खेळाडूचे नाव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखे असावे, एवढे तरी मुद्रितशोधकाने पाहायला हवे. युरोपीय नावांची एक यादी करून क्रीडा विभागातल्या भिंतीवर लावली तर एका दुपारचे काम आहे.

१३११ मिनिटांची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर