कूस बदलताच गरगरतं? आधी कान तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात मे महिन्यात कुणाला चक्कर आली की ऊन लागलं असं धरून पन्हं आणि कांदा पुढे येतो. एरवी दोष जातो मानेच्या मणक्याला. पण उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं आणि अंथरुणात कूस बदलताच खोली गरगर फिरणं वेगळं. हे दुसरं दुखणं बहुतेक वेळा आतल्या कानाचं असतं.

तिथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांच्या शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण एका चिकट थरावर बसलेले असतात. वयामुळे किंवा डोक्याला मार लागून ते सुटतात आणि बहुधा मागच्या नलिकेत उतरतात. डोकं वळलं की कण घरंगळतात, नलिकेतला द्रव ढकलला जातो आणि अंग स्थिर असूनही मेंदूला फिरल्याचा निरोप जातो. कण थांबले की गरगर थांबते, साधारण मिनिटाच्या आत.

एक्स-रेत हे कण दिसत नाहीत. चाचणी पलंगावरच होते. डिक्स आणि हॉलपाइक या कानाच्या डॉक्टरांनी ती १९५२ साली मांडली. मान ४५ अंश वळवून रुग्णाला झटकन आडवं करायचं, डोकं पलंगाच्या कडेखाली २०-३० अंश झुकलेलं, डोळे उघडे. काही सेकंदांत बुबुळं गोलाकार झटके देऊ लागली तर खालच्या बाजूचा कान दोषी. दुसरी बाजूही तपासायचीच.

उपाय तिथूनच सुरू होतो. १९९२ साली एप्ली या कानाच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत डोकं ९० अंश दुसऱ्या बाजूला फिरवतात, मग अंगासकट त्याच कुशीवर वळवून नाक जमिनीकडे आणतात, मग हळूच बसवतात. प्रत्येक टप्प्यावर गरगर थांबेपर्यंत, निदान अर्धा मिनिट थांबायचं. फसतं ते इथेच: घाई होते, मध्येच डोकं उचललं जातं किंवा कानच चुकीचा निवडलेला असतो. कण आडव्या नलिकेत असतील तर पद्धत वेगळी. म्हणून पहिल्यांदा तरी व्हिडिओ पाहून करू नये. मानेचा गंभीर आजार असेल तर मुळीच नाही.

गोळ्यांनी कण हलत नाहीत. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारख्या गोळ्या म्हाताऱ्या माणसांना महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर हात थरथरणं, अंग ताठरणं सुरू होऊ शकतं. हे फार वाईट वाटतं, कारण दुखणं दहा मिनिटांच्या उपायाचं होतं.

चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, चेहरा वाकडा झाला किंवा उभंच राहता येईना, तर मात्र कानाचा विचार सोडून थेट कॅज्युअल्टी गाठा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तरीही त्याच दिवशी दाखवा.

शहरातल्या डॉक्टरांना विनंती, मानेचा पट्टा लिहिण्याआधी ही चाचणी करावी. पलंगाची डोक्याकडची बाजू भिंतीला टेकलेली असली की डोकं खाली सोडताच येत नाही. पलंग पुढे ओढावा. जागा नसेल तर खांद्यांखाली उशी ठेवून डोकं मागे झुकवलं तरी चालतं.

आपले,
कानाच्या आजारांवर काम करणारे ऑडिओलॉजिस्ट व फिजिओथेरपिस्ट,
नागपूर