गे बारचा पेहराव एकच नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गे बारमधील वेशभूषेवर आलेल्या लेखात पिसे, चमक्या आणि उंच टाचा यांपलीकडे वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. मराठी वृत्तपत्रात हा विषय आला, याचे समाधान आहेच. परंतु एकाच शहरातील एका गे बारमध्ये जो पेहराव मिरवला जातो, तो घालून आलेल्या माणसाला दुसऱ्या गे बारच्या दारातूनच परत पाठवले जाऊ शकते, ही या विषयातली खरी गंमत लेखातून निसटली आहे.

न्यूयॉर्कचेच उदाहरण घ्या. तेथील ‘माइनशाफ्ट’ हा क्लब १९७६ ते १९८५ या काळात चालला. पेहरावाबाबत त्याची लेखी नियमावलीच होती: चामडे, जीन्स आणि गणवेश चालत, सूट, टाय आणि उंची स्वेटर चालत नसत. अत्तर लावून येण्यासही मनाई होती. (वासाचीही गणना कपड्यांतच करावी, ही सूक्ष्म दृष्टी मला तरी इतरत्र आढळलेली नाही.) त्याच शहरातील ईस्ट व्हिलेज भागात ‘पिरॅमिड क्लब’च्या रंगमंचावर १९८० च्या दशकात ड्रॅग कलाकार, म्हणजे स्त्रीवेशात रंगमंचावर येणारे पुरुष, विग आणि झगे घालून स्वतःचीच थट्टा करीत होते, तर तेथून चालत जाण्याच्या अंतरावर, १९८० मध्ये उघडलेल्या ‘द सेंट’ या नृत्यक्लबच्या विशाल घुमटाखाली नाचणारे पुरुष अंगातला शर्टच काढून टाकत.

यामागे निव्वळ हौस नव्हती. ‘बायकी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या पुरुषांपैकी काहींनी दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारसायकलस्वारांचे चामडी जाकीट आपलेसे केले. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्थापन झालेला ‘सॅटर्स’ हा मोटारसायकल क्लब त्याच परंपरेतला. पुढे जीन्सच्या मागच्या खिशातला रंगीत हातरुमालही बोलू लागला. रुमालाचा रंग आवड सांगे आणि तो डाव्या खिशात आहे की उजव्या, यावरून माणसाची त्या आवडीतली भूमिका कळे. गोंगाटात आणि अंधुक उजेडात याहून सोयीची भाषा कोणती असणार? ड्रॅगची वाट मात्र अधिक खडतर होती, कारण वेशांतराविरुद्धच्या १८४५ च्या कायद्याचा आधार घेऊन न्यूयॉर्कचे पोलीस स्त्रीवेशातील पुरुषांना अटक करीत असत, आणि त्यामुळे जो झगा बारमध्ये टाळ्या घेई, तोच बाहेरच्या पदपथावर गुन्हा ठरे.

पुढे गुळगुळीत, व्यायामशाळेत घडवलेल्या देहाचाच गणवेश झाला, तेव्हा त्याला कंटाळलेल्यांनी दाढी, पोट आणि चौकटीचा फ्लॅनेल शर्ट पुढे आणला. ‘बेअर’ म्हणजे अस्वल, या नावाचे मासिक सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९८७ साली निघाले. या बंडालाही लवकरच ठरावीक पेहराव चिकटला, हे नमूद केले पाहिजे. कपड्यांवरून ज्यांना बाहेरच्या जगाने हुसकावले, त्यांनीच आपल्या दारावर कपडे तपासणारा माणूस उभा करावा, ही विसंगती मला खुपते. तरीही ‘माइनशाफ्ट’च्या नियमावलीकडे मी केवळ उद्दामपणा म्हणून पाहू शकत नाही, कारण आपल्यासारखेच लोक आत भेटतील ही खात्री त्या काळात फार थोड्या ठिकाणी मिळत होती.

आपल्या लेखासोबतच्या छायाचित्राखाली केवळ ‘गे बारमधील एक दृश्य’ एवढेच छापले आहे. ते कोणत्या शहरातील, कोणत्या बारमधील आणि कोणत्या वर्षीचे आहे, हे पुढील अंकात कळवावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक