श्रेय यंत्राला, काम भुकटीचे

महोदय,

एकाच औषधाच्या दोन प्रतिबिंबी रूपांविषयीचा आपल्या विज्ञान पुरवणीतला लेख आवडला. मात्र त्यात सगळे श्रेय मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी यंत्राला दिले आहे, ते खटकले. यंत्र द्रावक पुढे ढकलते, डिटेक्टर आलेख काढतो; रेणू वेगळे होतात ते कॉलममधल्या, म्हणजे त्यातल्या बारीक नळीत ठासून भरलेल्या, पांढऱ्या भुकटीवर. ही भुकटी बनवण्यातच माझा उमेदीचा काळ गेला, म्हणून लिहितो आहे.

डाव्या-उजव्या हातांसारख्या या जोडीचा वितळणांक एक, विद्राव्यता एक. साध्या सिलिकाच्या भुकटीवरून दोघे एकत्रच बाहेर पडतात. वेगळे करायचे तर भुकटीलाच डावे-उजवे कळायला हवे. हा गुण सेल्युलोजमध्ये उपजतच असतो. जपानमध्ये योशिओ ओकामोटो यांनी 1980च्या दशकात त्यात रासायनिक बदल करून केलेली फिनाइलकार्बामेट रूपे सिलिकावर चढवली. आजही नवा नमुना आला की आधी त्याच कुळातला कॉलम लावून बघतात.

कृती कागदावर चार ओळींची आहे. हाताला मात्र ती सहज वश होत नाही. सेल्युलोज अगदी कोरडे हवे. ओल राहिली तर सेल्युलोजला जोडायचे आयसोसायनेट हे रसायन पाण्याशीच जुळते आणि युरियाचा गाळ हाती येतो. पिरिडीन या द्रावकात तापवून झाले की मिश्रण भरपूर मिथेनॉलमध्ये ओतायचे, तेव्हा पांढरे तंतू सुटतात. (आयसोसायनेट आणि पिरिडीन दोन्ही घातक, त्यामुळे हे सारे फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटातच.) ते धुऊन, वाळवून टीएचएफ या द्रावकात विरघळवायचे आणि रुंद छिद्रांच्या अमिनोप्रोपिल सिलिकावर त्याचा लेप द्यायचा, वजनाने साधारण 20 टक्के. खरी परीक्षा इथे असते. द्रावक सावकाश उडवावा लागतो. घाई केली की गुठळ्या होतात, लेप कुठे जाड कुठे पातळ बसतो आणि आलेखातली शिखरे (एकेका घटकाची खूण) पसरट येतात.

असा लेपाचा कॉलम कुणी नकळत टीएचएफ किंवा क्लोरोफॉर्मने धुतला, तर लेपच वाहून जातो. हल्ली सिलिकाला पक्क्या बांधलेल्या भुकट्या मिळतात, त्यांना ही भीती नाही.

माझी मागणी एवढीच, की पदव्युत्तर विद्यार्थ्यांना केवळ विकतचा कॉलम जोडायला शिकवू नये. देखरेखीखाली थोडी भुकटी त्यांनी स्वतः करावी, कॉलम भरावा, हेक्झेन आणि आयसोप्रोपेनॉलच्या मिश्रणात ट्रान्स-स्टिल्बीन ऑक्साइड या चाचणीच्या पदार्थाची प्रतिबिंबी जोडी सोडून बघावी. आपल्या हातच्या भुकटीवर दोन शिखरे सुटी झालेली पाहण्यात जे शिक्षण आहे, ते तयार कॉलमवर मिळत नाही. पुरवणीतही या कामाला जागा मिळावी, ही विनंती.

– एक निवृत्त विश्लेषक रसायनशास्त्रज्ञ