दादाची खोली

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईला रडू येतं आणि बाबा फोन ठेवून देतात, म्हणून लिहितेय. अपंगांची काळजी घेणाऱ्या त्या छोट्या घरात दादाच्या खोलीचं नक्की केलं. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून तो तिथे राहील. कागदांवर माझ्या सहीशेजारी त्याचा अंगठा आहे.

आई, 'टाकलं' हा शब्द तुझ्या ओठांवर आला असेल. मीही तो रात्र-रात्र घोळवलाय. म्हणूनच तीन महिने त्या घरी वेळी-अवेळी जात राहिले. एकदा रात्री दोन वाजता गेले, तेव्हा तिथल्या ताई एकाला कुशीवर वळवत होत्या. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात, हे आपल्याला दादाची पहिली जखम चिघळल्यावर कळलं होतं. चारच जण राहतात, रात्री कुणीतरी जागं असतं, आणि माझ्या घरून चालत दहा मिनिटं.

बाबा, ४२ वर्षं तुम्ही काखेत हात घालून त्याला उचललंत. त्याने त्याचे खांदे दुखावतात आणि उचलणाऱ्याची पाठ जाते, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. तुमचं काही चुकलं नाही. तिथे पेशंट लिफ्ट आहे, झोळीसारख्या कापडात बसवून पलंगावरून खुर्चीत नेतात. पहिल्यांदा त्याने माझा हात घट्ट धरला होता, तिसऱ्या वेळी हसत होता.

आणखी एक मनाला लागलेलं सांगते. तो वॉकर धरेनासा झाला, तेव्हा आपण त्याला आळशी म्हणालो. डॉक्टर म्हणाल्या, दादाला आहे त्या सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण स्नायू आणि सांधे फार आधी थकतात, चाळिशीतच दुखू लागतात. त्याला दुखत होतं. मीही त्याला रागावले होते.

आता मुख्य गोष्ट. हे मी एकटीने ठरवलेलं नाही. तो तिथे चार-चार दिवस दोनदा राहून आल्यावर मी त्याच्यासमोर तीन चित्रं ठेवली: तुमचं घर, माझं घर, ते घर. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजायचं, असं स्पीच थेरपिस्टने शिकवलंय. आपण सगळे तीनवर पोहोचतो आणि त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकतो, आयुष्यभर हेच केलं. मी थांबले. त्याने त्या घराकडे पाहिलं. नुसत्या उजवीकडे बघायच्या सवयीने नको म्हणून चित्रांच्या जागा बदलल्या. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडायचा हक्क अपंग माणसाला आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात कलम १९ मध्ये लिहिलंय. ते मी पूर्वीही वाचलं होतं. पण दादाला कधी विचारलं नव्हतं.

आणि हे तुम्ही आहात तोवरच व्हायला हवं. आई, 'आमच्या माघारी' हे तू माझ्या लहानपणापासून म्हणत आलीस. त्या दिवशी तुम्ही आणि घर दोन्ही एकदम गेलं, तर त्याने काय करावं? आत्ता गेला तर तुम्ही दर आठवड्याला दारात दिसाल, तो तुम्हाला पाहून ओरडेल, आणि निरोप घेऊन पुन्हा स्वतःच्या खोलीत जाईल.

मी चार वर्षांची असताना बाबा मला त्याच्या मांडीवर बसवून खुर्ची पळवायचे, आठवतं? मला वाटायचं, ती खुर्ची आमच्या दोघांसाठीच घेतलीय. अजूनही त्याच्या खुर्चीच्या दांड्याला हात लावला की तसंच वाटतं.

आता ऐका, आणि वाद नको. आई, एक वही घे. त्याच्याबद्दल जे फक्त तुलाच माहीत आहे ते लिही. कपडे घालताना आखडलेला डावा हात आधी, ठसका लागू नये म्हणून पाणी दाट करूनच, घास देताना पाठ सरळ, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, हे मी सांगितलंय. पण झटका येण्याआधी तो जो आवाज काढतो, तो मला अजून ओळखता येत नाही. तू गुणगुणून त्याला झोपवतेस ते रेकॉर्ड करून पाठव. आणि तुझी रक्तदाबाची गोळी वेळेवर घे. बाबा, तुम्ही काहीही उचलायचं नाही, रिकामी खुर्चीसुद्धा नाही.

खोलीला मोठी खिडकी आहे, पलंग तिला लावून घेतलाय. तुमच्यासाठी दोन खुर्च्या ठेवल्यात. त्याची जुनी चादर पाठवा. आई, धुऊ नकोस, आहे तशीच पाठव, तिला तुझा वास आहे.

तुमची,
धाकटी